समुपदेशनात पहिली

बबडीचं वय पंधरा, उंची आईपेक्षा चार बोटं जास्त, पण घरात ती अजून बबडीच. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव होतं. ते फक्त शाळेत वापरायचे, आणि तिथे कुणालाच ते धड उच्चारता यायचं नाही. शिक्षक हजेरी घेताना मधेच अडखळले की समजायचं, आता आपला नंबर, आणि हात वर करायचा.

घरात बबडीकडे दोन खाती होती. पहिलं खातं, पहिली येणं. कशात, ते विचारायचं नाही. चाचणी असो, चित्रकला असो, नाहीतर लिंबू-चमचा असो. कुठेतरी शर्यत लागली आहे एवढा वास आला की आईच्या कपाळावर बारीकशी आठी उमटायची, ती निकाल लागेपर्यंत जायची नाही. आणि दुसरा नंबर आला तर आई रागवायची का? छे, नाव नको! ती फक्त थंडपणे विचारायची, "बरं. मग पहिलं कोण आलं?" त्यापेक्षा दोन सणसणीत थोबाडीत बसलेल्या परवडल्या असत्या.

कारण आईबाबांनी देश सोडला होता तो बबडीसाठी. ही गोष्ट तिला कुणी एकदा सांगून गप्प बसलं नव्हतं. दूध उतू गेलं, घरमालकाने भाडं वाढवलं, बाबांची पाठ धरली, की आई पंख्याकडे बघून म्हणायची, "कुणासाठी आलो आम्ही इकडे?" पंखा काही बोलायचा नाही. बबडी मान खाली घालायची. देश सोडला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि आपण कुणाला असा काही सल्ला दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

आई तिकडे शाळेत गणित शिकवायची. इकडे तिच्या गणितावाचून कुणाचं अडलं नव्हतं, पण लोकांच्या पॅंटी लांब होत्या. म्हणून एका चिंचोळ्या दुकानात ती कपडे आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची, आणि वर माडीवर दोन खोल्यांत ते राहायचे. बाबा तिकडे बँकेत खुर्चीवर बसायचे. इकडे गोदामात रात्रपाळीला खोकी उचलायचे. दोघांनाही इथली भाषा कामापुरती यायची. आईला "शुक्रवारी मिळेल" आणि "कमरेत घट्ट आहे का" हे अस्खलित यायचं. बाबांना "उचल", "ठेव" आणि "तिकडे नको" एवढ्यात दुनिया जिंकता यायची.

त्यातून बबडीचं दुसरं खातं निघालं होतं, फोन. विजेचा फोन, बँकेचा फोन, घरमालकाचा फोन, दवाखान्याचा फोन. रिंग वाजली की आई पेटती काडी हातात आल्यासारखा तो तिच्या हातात कोंबायची. आठ वर्षांची असल्यापासून ती हे करत होती, आणि त्या वयातच तिला एक कळून चुकलं होतं की जसंच्या तसं सांगायचं नसतं. घरमालक ओरडायचा, "तुमच्यासारख्यांना जागा देऊन पस्तावलो!" बबडी सांगायची, "ते म्हणताहेत, जरा समजून घ्या." बाबांच्या मणक्याचा रिपोर्ट बघून दवाखान्यातली बाई म्हणाली होती की हे काम सोडलं नाही तर वाट लागेल. बबडीने सांगितलं, "जपून उचला." त्या रात्रीपासून, पहाटे बाबांचे जिन्यावर पाय वाजेपर्यंत तिला झोप लागत नसे. पण ते कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलंही नव्हतं.

तर अशा ह्या गुणी मुलीला सहामाहीच्या गणिताच्या पेपरात काय झालं, देव जाणे. पेपर सोपा होता. पहिलं उदाहरण तर आईने चार दिवसांपूर्वीच करून घेतलं होतं. पण बबडीचा हात हलेना. छातीत धडधड सुरू झाली, बोटं गार पडली, वर्गातली हवा कुणीतरी काढून घेतल्यासारखी झाली. ती उठली, सरळ स्वच्छतागृहात गेली आणि दार लावून पाय वर घेऊन बसली. दोन तासांनी साफसफाईच्या बाईने दार ठोठावलं तेव्हा आतून उत्तर आलं, "माफ करा, मी लगेच निघते." पण ती निघाली नाही. निघताच येईना तिला.

शाळेने तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. ह्या बाई आठवड्यातून एकदा, बुधवारी यायच्या. त्यांची खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी. अजून तिथे रबरी चेंडूंचा वास यायचा. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, आणि खिडकीतून दिसणारी वाहनतळाची भिंत. एवढ्या थाटात मनाचे रोग बरे करायची सोय होती. बाईंनी विचारलं, "कशी आहेस?" बबडीने तयार ठेवलेलं उत्तर दिलं, "छान." बाई पुढे काही बोलल्याच नाहीत. नुसत्या थांबल्या. बबडीला वाटलं, उत्तर चुकलं की काय! कारण "कशी आहेस" विचारून पुढे थांबणारं माणूस तिला आयुष्यात भेटलं नव्हतं. आणि मग ती जी रडायला लागली, ती अर्धा तास. नाक गळतंय, उचकी लागलीय, कशाची शुद्ध नाही.

बाहेर आली तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली. त्या अर्ध्या तासात तिला कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं, कुणाचा नंबर येणार नव्हता, आणि तिच्यासाठी कुणी देशही सोडलेला नव्हता. तिला तो अर्धा तास दर बुधवारी हवा होता. इतक्या जोराने तिला आजवर दुसरं काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

पण दर आठवड्याला यायचं तर आईवडिलांची परवानगी लागणार. म्हणून शाळा सुटल्यावर ऑफिसातून दुकानात फोन आला. आईने सवयीप्रमाणे तो बबडीच्या हातात कोंबला.

"तू तीच का?" ऑफिसातल्या बाईने विचारलं.

"नाही, मी तिची मोठी बहीण," बबडी म्हणाली. घरात दुसरं मूल औषधालाही नव्हतं.

ऑफिसातल्या बाईने फार जपून, फार गोड शब्दांत सांगितलं की तुमच्या बहिणीवर बराच ताण आहे, तिला कुणाशी तरी नियमित बोलायची गरज आहे, आईला विचारशील का?

बबडीने फोनवर हात ठेवला. आईच्या कपाळावर आठी तयारच होती. "काय केलंस तू शाळेत?"

आता इथे बबडीने खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे तिला पाठ होतं. "ताण? तुला कसला ताण? आयतं खायला मिळतंय, वरती छप्पर आहे!" मग बाबांना उठवणं, मग पंख्याला विचारणं. वरून, लोकांना कळलं तर काय म्हणतील, हे आलंच. आपल्यात असलं काही नसतं. असलं सगळं इथल्या लोकांत असतं, त्यांना वेळ असतो.

"आई," बबडी म्हणाली, "माझी निवड झालीय."

"कशात?" आठी गेली. तिच्या जागी दिवाळं निघालेल्या माणसाला लॉटरी लागल्यासारखा चेहरा आला.

"खास मार्गदर्शनात. निवडक मुलांना घेतात. दर बुधवारी एकटीला बसवून शिकवतात. तज्ज्ञ येतात."

"एकटीला?" आईचा हात गळ्यापाशी गेला. "आणि फी?"

"फुकट."

"हो म्हण! बघतेस काय तोंडाकडे? त्या दुसऱ्या कुणाला देतील!"

बबडीने फोनवरचा हात काढला आणि सांगितलं, "आईची पूर्ण संमती आहे." हे मात्र शब्दशः खरं भाषांतर होतं.

आता एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण आपल्या घरात चांगली गोष्ट घडावी आणि शेजारणीला कळू नये, म्हणजे ती घडून उपयोग काय? आईने रात्रीच्या जेवणाच्या आत चार फोन केले. ह्या फोनांना तिला दुभाषी लागत नसे. त्यातला पहिला, अर्थातच, डॉक्टरच्या आईला.

डॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हे. तो बबडीच्याच शाळेत, एक वर्ष पुढे. पण पाळण्यात असतानाच त्याच्या घरच्यांनी तो डॉक्टर होणार असं जाहीर केलं होतं, आणि तेव्हापासून सगळी आपली माणसं त्याला डॉक्टरच म्हणायची. लहानपणी त्याचा घसा बसला तर काका लोक हसायचे, "डॉक्टरच आजारी पडले!" त्याची आई कचेऱ्यांच्या साफसफाईची मुकादम होती. तिला इथली भाषा आईपेक्षा चांगली यायची आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. बबडीच्या आईला तर ती अगदी पाण्यात पाहायची, अर्थात तोंडाने "वहिनी, वहिनी" करत.

"अय्या, हो का वहिनी? अभिनंदन हं!" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर पर्स आपटली. आमच्या मुलाला का घेतलं नाही? त्याला काय कमी आहे? त्या मुलीचे मार्क आमच्याहून कमी, आणि तिला आठवड्याला तज्ज्ञ?

मुख्याध्यापकांना आपण स्वप्नात आहोत असं वाटलं. गेली कित्येक वर्षं ते ह्या पालकांच्या विनवण्या करत होते. पोरं वर्गात झोपतात, जेवत नाहीत, एकाने तर सगळी नखं कुरतडून खाल्ली, बाईंकडे पाठवू का? आणि पालक उठून जायचे. आज एक आई स्वतःच्या पायाने येऊन भांडत होती की माझ्या मुलाचं समुपदेशन झालंच पाहिजे! त्यांनी डॉक्टरला ताबडतोब एक बुधवार दिला.

मग काय विचारता! डॉक्टरला मिळालं म्हटल्यावर विमेवाल्या काकांनी आपली जुळी पुढे केली. मग टॅक्सीवाल्या काकांची मुलगी. मग आणखी कुणाकुणाची. पोरांची ओळ लागली. वरच्या ऑफिसातून कुणी साहेब येऊन बाईंचं कौतुक करून गेले की ह्या समाजात केवढी जागृती! बाईंनी नम्रपणे मान हलवली. त्यांना स्वतःलाही काही कळेनासं झालं होतं.

आयांचं मात्र पक्कं होतं. "आत गेल्यावर ताठ बस. विचारलं की लगेच उत्तर दे, अडखळू नकोस. आणि रडायचं नाही, मार्क कापतील." टॅक्सीवाल्या काकूंनी बबडीला रस्त्यात गाठून खाजगीत विचारलं, "बाळ, मागच्या वेळचे प्रश्न आहेत का गं तुझ्याकडे?" बबडी म्हणाली, एकच प्रश्न असतो, कशी आहेस. काकूंना ते पटलं नाही. ही पोरगी चांगली आतल्या गाठीची आहे, सांगत नाही, असं म्हणून त्या नाक मुरडून गेल्या.

आणि बबडीचा बुधवार? तो आता एका आड एक आठवडा झाला होता. बाई एक, मुलं इतकी, करणार काय! बबडीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण जन्मात एक खोटं बोलून एक गोष्ट मिळवली, आणि ह्या सगळ्या हावरटांनी तीही वाटून घेतली. सगळ्यात राग आला तो डॉक्टरचा. त्याला काय धाड भरली होती? तो तर खरोखरच पहिला यायचा.

एका बुधवारी तो खोलीबाहेरच्या बाकावर तिला भेटला. नुकताच बाहेर आला होता. गालावर खुर्चीच्या कापडाची नक्षी उमटली होती.

"तू काय शिकलास आत?" तिने कुजकटपणे विचारलं.

"झोपतो," तो म्हणाला. "बाई झोपू देतात."

"आणि घरी?"

"घरी झोप येत नाही. जवळजवळ वर्ष झालं. डोळे मिटले की पेपर दिसतात." मग तो हसला. "आईला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, बरंय की, तेवढाच अभ्यास होईल."

ज्याच्या नावाने आजवर बबडीचा उद्धार झाला होता तो हा. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली याचंही वाईट वाटलं.

"ऐक ना," डॉक्टर म्हणाला, "ही खोली कशासाठी आहे ते कुणाला सांगू नकोस हं. माझ्या आईला कळलं ना, तर त्याच दिवशी मला काढेल. सगळ्यांनाच काढतील."

"माझं डोकं फिरलंय का?" बबडी म्हणाली. खरं तर फिरलंच होतं, त्यासाठीच तर दोघं तिथे बसली होती. दोघांनाही एकदमच ते सुचलं आणि दोघंही हसत सुटली. फार दिवसांनी बबडी मोठ्याने हसली.

महिन्याच्या शेवटच्या सुट्टीला सगळी आपली माणसं कुणाच्या तरी घरी जमायची. ह्या वेळी विमेवाल्या काकांकडे होतं. जेवणं व्हायची, पुरुषमंडळी इथल्या लोकांना कामाची अक्कल कशी नाही यावर एकमत करायची, आणि मग पानं उचलली की मुलांचे आयटम. ह्यातून सुटका नाही. जो जे शिकतो ते त्याने दाखवायचं. कुणी पेटीवर दोन गाणी, कुणी कराटेच्या लाथा, एकजण तर सगळी मूलद्रव्यं ओळीने म्हणायचा, तीही उलटीकडून. पालक एकमेकांच्या मुलांना टाळ्या वाजवायचे आणि मनातल्या मनात चुका मोजायचे.

"आता आमची बबडी," आई म्हणाली. "खास मार्गदर्शनातलं दाखवेल."

पलीकडे डॉक्टर भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता जर तोंडातून चुकूनही खरं गेलं असतं तर ती कोठी, त्या दोन खुर्च्या, सगळं सगळ्यांच्या हातून गेलं असतं. खोटं बोलायचं तर आता नीटच बोलायला हवं होतं.

"सगळ्यांनी डोळे मिटा," बबडी म्हणाली. "हा एकाग्रतेचा प्रयोग आहे. श्वास आत घ्या. सोडा. मी सांगेपर्यंत कुणी काही करायचं नाही."

आणि काय सांगावं! सगळी मोठी माणसं आज्ञाधारकपणे बसली. फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. मुकादमीणबाईंचे खांदे, जे जन्मापासून वर होते, ते खाली आले. टॅक्सीवाल्या काकांचं तोंड उघडं पडलं. बाबा तर बसल्या बसल्या घोरायलाच लागले. बबडी उभी राहून ह्या सगळ्या दमलेल्या चेहऱ्यांकडे बघत होती, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की ही माणसं केव्हाची थकली आहेत आणि यांनाही कुणी विचारलेलं नाही. मग तिने "उघडा" म्हटलं, आणि तरी बराच वेळ कुणी डोळे उघडले नाहीत.

टाळ्या मात्र कडकडून पडल्या. असा आयटम आजवर झाला नव्हता. विमेवाले काका म्हणाले, "वा! पोरीने सगळं आत्मसात केलंय." आईची मान अशी काही ताठ झाली की घरी जाताना जिन्याच्या कमानीला डोकं लागतं की काय असं वाटावं.

बबडीला वाटलं, वाचलो.

पुढच्या तिच्या बुधवारी ती खोलीपाशी गेली तर आत विमेवाल्यांच्या जुळ्यांपैकी एक बसलेला. बाई दारात आल्या आणि चकित होऊन म्हणाल्या, "अगं, तुझ्या घरून निरोप आला ना? तुला आता गरज नाही, जागा दुसऱ्याला द्या, असा. मला वाटलं, तूच ठरवलंस." निरोप दिला होता डॉक्टरच्या आईने, बबडीच्या आईच्या सांगण्यावरून. आईला फोनवर बोलता येत नाही, बबडी शाळेत, मग मुकादमीणबाईंनी मोठ्या मनाने मदत केली. कोर्स पूर्ण झाला, मुलगी पहिली आली, कळवून टाका. मुकादमीणबाईंनी लगोलग कळवलं. अशा कामात त्या कधी उशीर करत नसत.

बाई काहीतरी बोलत होत्या, पण बबडीला ऐकू येईना. छातीत धडधड सुरू झाली. ती वळली, शाळेच्या फाटकातून बाहेर पडली आणि चालत सुटली ती थेट दुकानापर्यंत.

दुकानात आई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. समोर स्टुलावर एक लठ्ठ गिऱ्हाईक नव्या पॅंटीत उभं, आणि आईच्या ओठांत टाचण्यांची ओळ. आई पॅंटीची घडी घालायची, तोंडातून एक टाचणी काढायची, टोचायची. बबडीला अवेळी बघून तिने डोळे मोठे केले, पण तोंड उघडता येईना.

"तू माझा बुधवार का दिलास?" बबडी म्हणाली.

आईने हाताने खूण केली: थांब.

"नाही थांबणार. तो कोर्स नव्हता. माझी निवड झाली नव्हती. पेपरात माझा हात हलेना, आई, मी दोन तास संडासात दार लावून बसले होते. मला रात्र रात्र झोप येत नाही. फोन वाजला की घाम फुटतो. कुणी काय बोललं ते मी तुम्हाला गोड करून सांगते आणि खरं ते माझ्याजवळच राहतं, सगळं, आठ वर्षांची असल्यापासूनचं. बाबांच्या मणक्याचं त्या बाईने काय सांगितलं होतं माहितीये? नाही ना? मला माहितीये. म्हणून मला तिथे पाठवलं होतं. मी पहिली नाहीये. मला बरं नाहीये."

आई ऐकत होती. दुसरं काय करणार? ओठांत टाचण्या होत्या. एरवी पहिल्याच वाक्याला तिने तोंड उघडलं असतं आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं. तिचे हात मात्र थांबले होते. एक टाचणी कापडात अर्धवट टोचलेली तशीच राहिली.

गिऱ्हाईकाला भाषा कळत नव्हती. पण पोरगी रडतेय एवढं दिसत होतं. तो अवघडून म्हणाला, "सगळं ठीक आहे ना?"

"हो," बबडी नाक पुसत त्याच्या भाषेत म्हणाली. "शुक्रवारी मिळेल."

तो पडद्यामागे जाऊन कपडे बदलून गेला. आईने टाचण्या एक एक करून डबीत ठेवल्या आणि उठायला गेली, पण तिला पटकन उठता आलं नाही. ती तिथेच स्टुलाला टेकून बसली.

"कुणाकुणाला माहितीये?" तिने विचारलं. पहिला प्रश्न हा!

"मला आणि बाईंना." डॉक्टरचं नाव बबडीने घेतलं नाही.

"मी सगळ्यांना सांगितलं गं," आई म्हणाली. "गावभर सांगितलं. तिकडेसुद्धा कळवलं, तुझ्या मावशीला, मामांना." मग तिचा आवाज चढला. "आणि तुला कसलं दुःख? दुःख आम्हाला असेल! आम्ही सोडून आलो सगळं. शाळा सोडली, माणसं सोडली. लोकांच्या पायांशी बसते मी दिवसभर, मी रडले का कधी? तुला काय सोडावं लागलं?"

"काही नाही," बबडी म्हणाली. "तुम्ही सोडलेलंच सगळं भरून द्यायचंय मला. ते होत नाहीये माझ्याच्याने."

आई गणिताची बाई होती, हिशेब कुठे चुकला ते तिला दिसलं असावं. मशीनवरचा दिवा चालू होता, त्याखाली कुणाचा तरी कोट उसवून पडला होता. ती बबडीच्या हातांकडे बघत होती. नखं कडेपर्यंत खाल्लेली होती. ती आज खाल्लेली नव्हती.

मग ती उठली, काउंटरपाशी गेली आणि शाळेचा नंबर लावला. बबडीने सवयीने हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला.

"मी बोलते."

"तुला येणार नाही."

"गप्प बस."

पलीकडून कुणीतरी उचललं. आईने घसा खाकरला. आणि मग दुकानाबाहेरच्या त्या भाषेत, जिला ती तेरा वर्षं घाबरत होती, एक एक शब्द चाचपडत, सगळी क्रियापदं उलटीसुलटी करत ती बोलू लागली. "मी आई. मुलगीची आई. चूक झाली. कोर्स नाही. संपला नाही. मुलगी बरी नाही." ती थांबली. तिच्या मानेवर लाल डाग उमटले होते. "मुलगी पहिली नाही. परत घ्या. बुधवार."

बबडीला वाटलं, आपण जागच्या जागी जमिनीत जावं. त्याच वेळी तिला आईला घट्ट मिठी मारावीशी वाटत होती. दोन्हीपैकी काहीच तिने केलं नाही, नुसती फोनला कान लावून उभी राहिली.

ऑफिसातली बाई सावकाश, मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तशी बोलत होती. बबडीची जागा आता गेली होती. घ्यायला काही हरकत नाही, पण प्रतीक्षायादी आहे. अचानक फार मुलं आली आहेत, त्याच समाजातली, कसं कुणास ठाऊक. तुमच्या मुलीचा नंबर त्यांच्यानंतर लागेल.

कसं ते आईला चांगलंच ठाऊक होतं. त्यातलं एकेक पोर तिने स्वतःच्या फोनने त्या रांगेत उभं केलं होतं.

"नंबर कितवा?" आईने विचारलं. आकडे तिला ह्या भाषेत पक्के येत होते.

"नववा."

आईने डोळे मिटले. तिच्या आयुष्यात हा आकडा बबडीच्या नावापुढे कधी लागला नव्हता. लागला असता तर घरात चूल पेटली नसती. बबडी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नववी," आई म्हणाली. "हो. चालेल. लिहा."